मोरीतला घोट

पडद्याच्या घरात नळकाम करायचं म्हणजे अर्धं काम कानांनी करायचं आणि उरलेलं बायकोच्या डोळ्यांनी. जालन्यात तेव्हा निजामाचं राज्य होतं. नळकाम येणारे मिस्त्री बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातही बायकोला कामावर घेऊन जाणारा मी एकटाच. लोक हसायचे. 'कडूबा मिस्त्री बायकोचा पदर धरून कामाला जातो,' म्हणायचे. म्हणोत. जनानखान्यात मला पाऊल टाकता येत नव्हतं, आमच्या द्वारकाबाईला कुणी अडवत नव्हतं. ती आत जाऊन दोरीनं माप घ्यायची, भिंत ओली आहे की कोरडी ते हात लावून सांगायची, आणि बाहेर आल्यावर त्या घरात कोणाचं कोणाशी वाजलंय तेही सांगायची. पहिलं मी विचारायचो, दुसरं न विचारता मिळायचं.

सिराजोद्दीनसाहेबांचं घर कादराबादेत, कुंडलिका नदीच्या उतारावर होतं. रस्त्याच्या बाजूनं एकच मजला दिसायचा, नदीच्या बाजूनं दोन. खालचा मजला म्हणजे तळघर; ते लोक तहखाना म्हणायचे. उन्हाळ्यात घरातल्या बायका दुपारभर तिथंच गारव्याला राहायच्या. म्हणून साहेबांच्या वडिलांनी तिथं एक संडास बांधून घेतला होता आणि त्याला लागून एक मोरी. हैदराबादेत कोणाकडे तरी त्यांनी तसलं पाहिलं होतं. पाहिलं खरं, पण अर्धंच पाहिलं. चिनी मातीचं भांडं आणलं, खापराचे नळ पुरून थेट नदीकाठच्या खड्ड्यापर्यंत नेले, आणि त्या नळांना वर श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही.

नळातून पाणी खाली जाताना त्याच्यामागून हवा यावी लागते. ती वरून मिळाली नाही तर पाणी मिळेल तिथून ओढून घेतं. मोरीखालच्या वाकड्या नळात घाण वास अडवायला जे थोडं पाणी थांबलेलं असतं, तेच खेचलं जातं. मग वास मोकळा सुटतो, आणि आवाज येतो तो वेगळाच. वाटीभर पाणी ओतलं तरी आधी काही नाही, मग घट्, घट्, घट्, आणि शेवटी एक लांब सुस्कारा. तहानलेल्या माणसानं भांडं तोंडाला लावावं आणि संपवूनच खाली ठेवावं, तसा.

या आवाजापायी त्या घराचं नाव झालं होतं. तळघराच्या दाराला तावीज बांधलेला होता. एक मोलकरीण भर दुपारी झाडू टाकून पळाली होती आणि परत पगार मागायलाही आली नव्हती. भूत म्हटलं की माझं डोकं सणकतं. माणसं नळ वाकडा टाकतील, ढाळ देणार नाहीत, सांधा नीट भरणार नाहीत, आणि वर जिनाच्या नावानं बोंब मारतील.

सिराजोद्दीनसाहेब मात्र तसले नव्हते. कापसाचे व्यापारी, उस्मानियात शिकलेले. त्यांनी मला बोलावलं आणि थेट कामाचंच बोलले.

"कडूबा, नळाला हवाच न्हाई भेटत, हे मला बराबर ठाऊक है. आता तो आवाज, तो वास थांबव. तहखान्यातून हवा-नळी काढ, गच्चीच्याही वर जाऊ दे. आणि खालचे खापराचे नळ सगळे उखडून बिडाचे टाक."

"साहेब, लढाईचे दिवस हैत. बिडाचे नळ आणू कुठून?"

"एक जिनिंग बंद पडलीय, तिथले मी उचललेत. तू फकत काम जल्दी कर. माझ्या बायकोला, बदरुन्निसाला, दिवस गेलेत. गेल्या हप्त्यात त्या वासानं तिथंच चक्कर येऊन पडली."

बस, यापुढे मला काही विचारायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तळघराच्या पायरीवर उभा राहून मी रीतीप्रमाणे हाळी दिली, "पडदा! मिस्त्री आत येतोय, पडदा!" आतून पावलं वर गेल्याचं ऐकू आलं, बांगड्या वाजल्या, एक दार लागलं. मग द्वारकाबाईनं खूण केली आणि मी उतरलो. बघतो तर मोरीच्या पलीकडे दोरीला चादर टांगलेली, आणि चादरीमागे कोणीतरी बसलेलं.

"माँसाब हैत," द्वारका हळूच म्हणाली. "साहेबांच्या आई. रहिमाबी. त्या हितून हालत न्हाईत. काम चादरीच्या अल्याडच कर म्हणल्या."

म्हातारी माणसं अशी हटून बसतात, मला त्यात काही वाटलं नाही. मी बादली घेतली आणि आवाज नेमका कुठून येतो ते बघायला मोरीत पाणी ओतलं. घट्, घट्, घट्. सुस्कारा. मी दुसरी बादली उचलली.

"बस," चादरीमागून आवाज आला. बारीक, कोरडा. "इत्ताच पीती वो. जादा नक्को देव."

मी द्वारकेकडे पाहिलं. तिनं डोळ्यानंच मला गप केलं.

मी बादली खाली ठेवली. कामाचं माणूस मी, म्हाताऱ्या बाईशी काय वाद घालणार? पण अंगावर काटा आला होता, आणि त्याचा मला रागच आला. आवाज का येतो ते ठाऊक असताना काटा कशाला यावा?

घरी जाताना द्वारका म्हणाली, "तू पाह्यलं न्हाई, मी पाह्यलं. दुपारच्या बांगेनंतर त्या वाटीभर पाणी घेत्यात. आधी मोरीत ओतत्यात. मोरी गिळती. मंग दुसरी वाटी भरून सोता पितात. त्याच्याआधी सकाळधरून थेंब न्हाई. इतक्या उन्हाच्या!"

"म्हातारपण है," मी म्हणालो.

"तू तर मला दगडच भेटलाय," ती म्हणाली आणि घरापर्यंत बोलली नाही.

नदीच्या बाजूला आम्ही चर खणला. जुने नळ अगदी रद्दी निघाले. मधोमध खचून पोट काढलेले, सांध्यांतला चुना केव्हाच वाहून गेलेला. एका सांध्याला पहार लावून नळ उचलला आणि खणणारे दोघं गडी ओरडून चराबाहेर उड्या टाकून गेले. नळात काळ्या केसांचा झुपका होता, लांब, ओला, वेणी सोडल्यासारखा.

"अरे, कडुनिंबाच्या मुळ्या हैत त्या!" मी त्यांच्यावर खेकसलो. "पाण्याला आल्यात सांध्यातून. बघा, हात लावून बघा की!" झुपका ओढून मी वर धरला. हात लावायला कोणी आलं नाही. मलाही तो धरून ठेवावासा वाटला नाही, खरं सांगायचं तर.

तळघराची खिडकी चराच्याच बाजूला होती. तिला बांबूची चीक सोडलेली होती. चिकेमागून तोच कोरडा आवाज आला.

"मिस्त्री, बाल हैं क्या?"

"न्हाई माँसाब. मुळ्या हैत, झाडाच्या."

"लंबे हैं?"

"असतील हात-दीड हात."

चीक जराशी हलली. मग ती म्हणाली, "चाँद के भी इत्तेच थे."

चाँद कोण, हे तेव्हाच द्वारकेनं आत जाऊन विचारलं. बायकांचं बरं असतं, मला वर्षभर जमलं नसतं ते ती सरळ विचारते. परत आली ती चराच्या काठावर बसली आणि बराच वेळ पदरानं तोंड पुसत राहिली.

चाँदबी म्हणजे रहिमाबीची मुलगी, सिराजोद्दीनसाहेबांची थोरली बहीण. साहेब अगदी तान्हे होते तेव्हा गावात पटकीची साथ आली. सरकारी माणसं घरोघर फिरून आजाऱ्यांना गावाबाहेरच्या छावणीत नेत होती. पडद्यातली पोर परक्या माणसांत जायची, या धास्तीनं घरच्यांनी चाँदबीला तळघरात लपवलं. मोरीजवळच निजवलं, कारण सारखं धुवावं लागत होतं. आणि त्या काळी सगळे जे सांगायचे तेच हकिमानं सांगितलं: पटकीच्या माणसाला पाणी पाजू नका, पाण्यानं रोग भडकतो. आपल्याकडेही हेच करत. माझा एक चुलता असाच पाणी पाणी करत गेला आणि आम्ही सगळे शहाणे भोवती बसून होतो.

"पोरगी रातभर 'माँ, पानी, माँ, पानी' करून राह्यली," द्वारका म्हणाली. "ह्या म्हणायच्या, सकाळी देते बेटा, सकाळपस्तोर सबर कर. रांजण हाताच्या अंतरावर होता. सकाळ झाली न् ह्या वाटी भरायला उठल्या, तर पोरगी गेल्ती."

शिशाची कढई तापत ठेवली होती, तिच्याकडे बघत उभा राहिलो.

"आता मोरी पाणी पिती ना," द्वारका म्हणाली, "तर त्यांना वाटतं, चाँद पिती. ती पेल्याबिगर ह्या पीत न्हाईत. आन् तू त्याच मोरीचं तोंड गप करून राह्यला."

"मंग काय करू? त्या पोटुशीला वासात मरू देऊ?"

"मी तसं म्हणले का?" ती चिडून म्हणाली.

काम मी पुरं केलं. खोटं कशाला बोलू, जीव ओतून केलं. बिडाचे नळ बोट बोट ढाळ देऊन बसवले, प्रत्येक सांध्यात ताग ठासला, वरून शिसं ओतून कडेनं ठोकून घेतलं. संडास आणि मोरी यांच्या मागं हवा-नळी जोडली. तळघरात उजेड-वारा यायला भिंतीतून गच्चीपर्यंत एक जुना झरोका होता, त्याच झरोक्यातून नळी वर काढली आणि गच्चीच्या कठड्याहून पुरुषभर उंच नेली. गच्चीवर चढण्याआधी चारी दिशांना तोंड करून मी ओरडायचो, "पडदा करो! गच्चीवर माणूस है, पडदा करो!" शेजारपाजारच्या अंगणांतल्या बायका भराभरा आत जायच्या. इतकी वर्षं हे ओरडत आलो, पण त्या घराच्या गच्चीवर ओरडलो की मला वाटायचं, खालच्या अंगणातून शेवटी एक बारीक पाऊल जरा मागं रेंगाळून आत जातंय. मी वाकून कधी पाहिलं नाही. पाहायचं नसतं, तीच तर रीत.

शेवटच्या दिवशी साहेब आणि द्वारका यांच्यासमोर मी मोरीत बादली ओतली. पाणी गेलं. कुठं गुडगुड नाही, घोट नाही. वास तर नावाला नाही. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी खूश होतो, छाती फुगली होती. तेवढ्यात चादरीमागून हात बाहेर आला, हाडांचा, मेंदी उतरलेला. हातात वाटी होती. त्या हातानं वाटी मोरीत ओतली आणि तो तसाच थांबला. आम्ही तिघंही थांबलो. पाणी निमूट निघून गेलं.

"पीती नई," रहिमाबी म्हणाली.

साहेब म्हणाले, "अम्मी, वो हवा थी. नल की हवा."

"मालूम है मेरेकू," ती म्हणाली. "पहले दिन से मालूम है, बाबा. हवा थी. मगर पीती थी."

हात चादरीमागं गेला. दुसरी वाटी तिनं भरली नाही.

त्या दिवशी ती पाणी प्याली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मे महिना, जालन्याचं ऊन, झाडावरचे कावळेसुद्धा चोच उघडून बसलेले. हकीम येऊन गेला, दवाखान्यातला डॉक्टर चादरीबाहेर बसून समजावून गेला. चमच्यानं पाणी तोंडाला लावलं तरी ती ओठ मिटून घ्यायची. तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब स्वतः माझ्या दारात आले. घोड्याच्या टांग्यातून उतरलेच नाहीत.

"कडूबा, वरून नळीचं तोंड बंद कर. पोतं कोंब, काय पण कर. तो आवाज परत आला पाहिजे."

"साहेब, वास परत येईल. बाईसाहेब..."

"बदरुन्निसाला मी माहेरी धाडतो. माझी अम्मी मरून राह्यलीय, कडूबा!" ते ओरडले आणि मग एकदम रडायला लागले. एवढा मोठा माणूस भर रस्त्यात रडतोय, हे मला बघवेना. मी गोणपाट घेतलं, द्वारकेला हाक मारली आणि टांग्यात बसलो.

द्वारका तळघरात रहिमाबीपाशी गेली. मी गच्चीच्या शिडीवर चढलो, हाळी दिली, "पडदा करो!" आणि नळीजवळ उभा राहिलो. गोणपाट हातात होतं, पण हात पुढं होईना. आयुष्यात इतकं सरळ काम मी दुसरं केलेलं नव्हतं, आणि ते माझ्याच हातानं नासवायचं होतं. त्याहून वाईट म्हणजे, म्हातारीच्या समाधानासाठी मी त्या पोटातल्या लेकराच्या घरात विष सोडणार होतो. माहेरी धाडली तरी बाळंतीण कधीतरी परत येणारच ना. आणि न कोंबावं तर म्हातारी खाली वाळून मरणार. मला स्वतःचाच संताप आला. नळ सोडून दुसरं काही आपल्याला येऊ नये?

नळीशेजारी झरोक्याचं तोंड होतं. तळघरातलं बोलणं त्यातून वर येत होतं, विहिरीतून यावं तसं.

आधी दार वाजलं. जड पावलं पायऱ्या उतरली. द्वारकेचा आवाज, "बाईसाहेब, तुम्ही कशाला आल्या खाली?" मग एक तरणा, थकलेला आवाज. बदरुन्निसा.

"अम्मीजान, पानी देव. गला सूख रहा."

मी झरोक्यावर वाकलो. मग रहिमाबी बोलली, पण तो आवाज मी ऐकलेला कोरडा आवाज नव्हता. तरण्या आईचा आवाज होता, घाबरलेला, समजूत घालणारा.

"नक्को बेटा. हकीमसाब नक्को बोले. सुबह तक सबर कर, मेरी जान."

त्या उन्हात मला थंडी वाजली.

आणि मग, अगदी जवळून, कुणीतरी म्हणालं, "सुबह हो गई, माँ."

रांजणावरचं झाकण वाजलं. वाटी पाण्यात बुडाल्याचा आवाज आला. मग झरोक्यातून वर आले ते घोट: घट्, घट्, घट्. क्षणभर वाटलं, माझा सांधा सुटला, नळी बिघडली. पण नळ असा पीत नाही. मध्येच श्वास घेत, पुन्हा पीत, पाणी हनुवटीवरून ओघळत असावं असं घाईनं पिणारं ते माणूस होतं. "और?" रहिमाबीनं विचारलं. पुन्हा वाटी बुडाली. पुन्हा घोट. आणि नंतर, किती तरी वेळानं, दुसरेच घोट आले, सावकाश, म्हाताऱ्या गळ्याचे, मध्ये ठसका लागलेले. खाली द्वारका मोठ्यानं रडत होती.

मी गोणपाट घेऊन खाली उतरलो. साहेब अंगणात उभे होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी मान हलवली. "लागत न्हाई आता," म्हणालो. ते धावतच खाली गेले.

घरी परतताना द्वारका सांगत होती. बदरुन्निसा दोन वाट्या प्याली, मग तिनं आपल्या हातानं सासूला पाजलं, सासूनं तिच्या पोटावर हात ठेवला आणि तशीच तिच्या मांडीवर झोपी गेली. मी ऐकत होतो.

"पोरगी हुशार है," मी म्हणालो. "सुबह हो गई, म्हणली. बराबर तेच बोलली."

द्वारका चालता चालता थांबली.

"ती एकदाच बोलली. 'पानी देव' म्हणून. मंग माँसाब ते हकिमाचं बोलल्या तशी पोरगी घाबरून भिंतीला टेकली, तिला तर त्यातलं काहीच ठाऊक न्हाई. कोणी तिला सांगितलंच न्हवतं. जराशानं माँसाब आपल्या आपणच उठल्या न् वाटी भरली."

"मंग 'सुबह हो गई' कोण म्हणलं?"

"कोणी न्हाई म्हणलं," ती म्हणाली. "तू ऐकलं का?"

तोंडानं काहीतरी पुटपुटलो आणि पुढं चालू लागलो. भूत-बीत मी आजही मानत नाही, त्यावरून कोणाशीही भांडायला तयार आहे. पण त्या दिवशी मला भीती वाटली नाही. पोरीला पाणी मिळालं, एवढंच मनात आलं, आणि नदीच्या पुलावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, माझे डोळे भरून आले.